उसन्या पट्ट्या

टीव्हीच्या काचेमागे असलेल्या दिव्याच्या पट्टीवरचा मणी मेला की त्याच्या पिवळ्या तोंडावर मधोमध एक काळा ठिपका उमटतो. खसखशीच्या दाण्याएवढा. भिंग धरलं तर त्याच्याभोवती जळाल्याची तपकिरी कडही दिसते. हे मणी एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे एक गेला की अख्खी ओळ विझते. टीव्ही बोलत राहतो, काच मात्र काळी. अशा काचेवर तिरका टॉर्च मारला तर आत माणसं हलताना दिसतात, खोल पाण्यात बुडाल्यासारखी.

गिरणीवाल्याच्या टीव्हीत असा ठिपका एकाच पट्टीवर नव्हता. सगळ्याच पट्ट्यांवर कुठे ना कुठे होता. तिने भिंग खाली ठेवलं आणि मान मागे टाकून डोळे मिटले. या खोलीत काम चालू असताना पंखा लावता येत नसे. वाऱ्याने धूळ उडते, आणि धुळीचा एक कण काचेमागे गेला की तो कायमचा तिथे राहतो. गिऱ्हाईक वर्षभर त्याच्यावरून ऐकवतं. तिच्या पाठीवरून घामाचा ओघळ कमरेपर्यंत उतरला. तापलेल्या कथलाचा वास खोलीभर साचून राहिला होता.

खोली आणि दुकान यांच्यामध्ये एक जाड जुनी चादर पडद्यासारखी टांगलेली होती. पलीकडून गिरणीवाल्याचा आवाज आला.

"काय मेकॅनिक, होणार की नाही? आई डोकं खाते माझं. टीव्ही बंद झाल्यापासून दिवसभर माझ्याकडे बघत पडते. आता माझ्यात बघण्यासारखं काय आहे?"

"सवय होईल," तिचा नवरा म्हणाला.

"कुणाला? तिला का मला?"

नवरा हसला. मग त्याने आवाज चढवला. "अगं, चहा टाक!"

चहा टाक म्हणजे पडद्याजवळ ये आणि काय ते सांग. तिने कप उचलला आणि चमच्याने काठावर वाजवलं. एकदा वाजला तर होईल, दोनदा वाजला तर होणार नाही. कुणाला संशय येऊ नये म्हणून चहा खरोखरच करावा लागे. टीव्हीवाल्याकडे टीव्ही होवो न होवो, चहा मात्र होतो, असं गावात म्हणत.

तिने दोनदा वाजवलं.

"ठेवून जा," नवरा गिरणीवाल्याला म्हणाला. "बघतो."

एकदा वाजो की दोनदा, तो हेच म्हणायचा. त्याचा बाप रेडिओ दुरुस्त करायचा, आणि दारात आलेल्याला नाही म्हणायचं नाही, हे त्याने मुलाला कथील वितळवायच्याही आधी शिकवलं होतं. रेडिओच्या काळात ते निभलं. मोठ्या डबा टीव्हीच्या काळातही निभलं. त्यात काहीही गेलं तरी कुठून तरी पार्ट मिळायचा, नाही मिळाला तर हाताने जुळवता यायचा. तेव्हा नवऱ्याचे हात असे होते की लोक नुसते बघायला उभे राहत. तिला सोल्डरिंग त्यानेच शिकवलं, नव्या लग्नाच्या दिवसांत, गंमत म्हणून. "श्वास सोड आणि मग टेकव," तो सांगायचा. ती अजून तसंच करायची.

मग त्याचा उजवा अंगठा थरथरायला लागला. मग हात, मग दुसरा हात. शहरातल्या डॉक्टरने तपासलं, जिवाला धोका नाही म्हणाला, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप आली, कंप काही गेला नाही. जाड काम त्याला अजून जमायचं. बारीक टोक धरलं की हात उडायचा. तेव्हापासून तो काउंटरमागे बसायचा, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, आणि ती आत. हे घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. मेकॅनिकचे हात गेले म्हटल्यावर दुकानात कोण येणार, असं तो म्हणाला होता, आणि तेव्हा तिलाही ते पटलं होतं.

त्या उन्हाळ्यात वारा सुटला आणि खालच्या आळीवरच्या तारा एकमेकींना लागल्या. दिवे भडकून गेले. त्यात शेतांवरचे पंप एकदम सुरू व्हायचे, एकदम बंद व्हायचे, विजेचा दाब वरखाली होत राहायचा. रोज कुणी ना कुणी चादरीत गुंडाळलेला टीव्ही लहान मुलासारखा छातीशी धरून दारात उभं. नवरा सगळ्यांना म्हणायचा, ठेवून जा.

ठेवायचे कुठे, हे तो बघत नसे. पलंगाखाली टीव्ही होते, पलंग आणि भिंत यांच्यामध्ये टीव्ही होते, धान्याच्या डब्यांपुढे टीव्ही होते. काही असे, की त्यांचे मालक नवीन घेऊन मोकळे झाले होते आणि जुना न्यायला विसरले होते. दुसऱ्याची वस्तू मोडीत घालायची नाही, हेही बापाचंच. न्हाणीघरात जाताना अंग तिरकं करावं लागे. बाकी घराला ठीक होतं, पण तिला दिवसा कुठेही नजर टाकली की काळ्या काचेत आपणच दिसायचो, हे सोसवत नसे.

"आई, दुपारी कोणी पाहुणं आलं तर त्याला पण ठेवून जा म्हणायचं का?" लेक विचारायची. ती कॉलेजात जात होती आणि अभ्यासाला तिला एका बंद टीव्हीची पाठ होती, टेबल म्हणून.

काच उचलायला मात्र लेक लागायची. आतल्या पट्ट्यांपर्यंत जायचं तर वरची काच काढावी लागते, आणि ती एकट्याने काढता येत नाही. पापडासारखी पातळ, हात-हातभर लांब, दोन्ही बाजूंनी एकाच वेळी, एकाच वेगाने, जराही न पिळता उचलायची. मायलेकींना त्याची इतकी सवय झाली होती की मोजावंही लागत नसे. एक श्वास दोघी मिळून सोडायच्या, आणि काच वर.

*

पट्ट्या शोधायला दोघं बसने बाजाराच्या गावी गेली. पार्टवाल्याने गिरणीवाल्याची जळकी पट्टी हातात घेतली, उलटी केली, मागचे आकडे वाचले आणि हसला.

"ह्या मापाची? वहिनी, ही पट्टी बनवणारेच विसरले असतील ही पट्टी. सहा महिन्यांनी माप बदलतात."

"दुसरी कापून बसवता येईल?" तिने विचारलं.

पार्टवाल्याने तिच्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. बायको का विचारते आहे, हे त्याच्या चेहऱ्यावर होतं.

"तिला कुठे काय कळतंय," नवरा पटकन म्हणाला. "कापून बसवता येईल का?"

"बसवाल, पण मण्यांमधलं अंतर वेगळं. चित्रावर पट्टे दिसतील. आणि बसवायचं कशाला? डबा टीव्ही घराबरोबर म्हातारा व्हायचा, ते दिवस गेले. हा सपाट, मूल बालवाडीत घालताना घेतला तर चौथीपर्यंत चालला म्हणजे पुष्कळ. पुढचं सगळं फुकटातलं. गिऱ्हाइकाला सरळ सांगायचं, नवीन घे."

"सांगतो," नवरा म्हणाला.

तो सांगणार नाही, हे तिला बसस्टँडपर्यंत जाताना त्याच्या पाठीवरूनच कळलं. तापलेल्या रस्त्यावरून तो पुढे चालला होता, हात खिशात, खिशांचं कापड आतून हलत होतं.

परतताना गावाआधीच्या फाट्यावर ती उतरली. तिथे तिच्या थोरल्या बहिणीची रोपवाटिका होती. हिरव्या जाळीखाली ओल्या मातीचा वास होता आणि उजेड पाण्यातल्यासारखा मऊ. अक्का मोढ्यावर बसून कलमं बांधत होती. तिने दुसरा मोढा पायाने पुढे सरकवला आणि चाकू दिला.

तिने काडी घेतली, तिरका काप दिला, खालच्या रोपाला तसाच दुसरा. दोन्ही काप एकमेकांवर असे बसवले की सालीला साल मिळाली. मध्ये हवा राहिली तर डोळा सुकतो. वरून पट्टी ओढून गुंडाळली. हात आपोआप श्वासाबरोबर चालायला लागले. मानेवर वारा येत होता. किती तरी दिवसांत काम करताना तिच्या अंगाला वारा लागला नव्हता.

"मागच्या हंगामात तू गंमत म्हणून बांधलेली ही बघ," अक्का म्हणाली. "जवळजवळ सगळी धरली. माझ्या बायका रोज बांधतात, त्यांची निम्मी जातात."

"होईल त्यांनाही सवय."

"मला तू पाहिजेस. कधी येतेस?"

"बघते."

"नवरा बघतो, बायको बघते. नुसतीच बघणारी जोडी!" अक्काने चाकू मांडीवर पुसला. "हे बघ, मी तुझी बहीण म्हणून बोलावत नाही. रस चढलाय झाडात. तो तुझ्या नवऱ्यासाठी थांबणार नाही आणि मीही नाही. सोमवारी आलीस तर तू, नाहीतर त्या पलीकडच्या वाडीवरच्या बाईला शब्द देते. ती कायमची येईल मग."

"मी आले तर घरी कोण करील?"

"घरचं? घरचं का दुकानचं?"

तिने आणखी एक काडी घेतली. अक्कालाही तिने कधी सांगितलं नव्हतं. पण अक्का तिच्या बोटांवरचे जुने भाजल्याचे डाग बघत होती, आणि ते काही भाकरी भाजून येणारे डाग नव्हते.

*

घरी आली तेव्हा नवरा आतल्या खोलीत एका टीव्हीसमोर उभा होता. पलंगामागून त्याने तो ओढून काढला होता.

"हा शिंपीणबाईचा. तेच माप. नंबर बघ."

तिने पाहिलं. तोच होता. शिंपीणबाई लेकीकडे राहायला गेल्या तेव्हा टाकून गेल्या होत्या. काम साधं होतं, आवाजाची एक जोडणी सुटलेली. तिने ती केव्हाच डाग देऊन पक्की केली होती. टीव्ही ठणठणीत होता, नेणारं माणूस तेवढं नव्हतं.

"त्यांचा टीव्ही चालतोय," ती म्हणाली.

"चालतोय, पण बघतंय कोण? त्याच म्हणाल्या होत्या ना, सावकाश करा, मला घाई नाही. गिरणीवाल्याची आई पडून आहे. मिळाल्या पट्ट्या कुठे, की घालू परत."

हे काही पहिल्यांदा नव्हतं. एखादा छोटा पार्ट या टीव्हीतून त्या टीव्हीत जायचा, उसना. साखर मागून आणावी तसा. सलूनवाल्याच्या टीव्हीत डॉक्टरीणबाईंचा बोर्ड होता, डॉक्टरीणबाईंच्या टीव्हीत कुणाच्या तरी वायरी होत्या. कुणाचं काय कुणाकडे आहे, हे फक्त तिच्या डोक्यात होतं. अंथरुणावर पडलं की ती ते मनात फिरवून बघायची, एखादी गाठ विसरली तर नाही ना. पण पट्ट्या म्हणजे वायर नव्हे. पट्ट्या काढल्यावर टीव्हीत काय राहतं?

"त्या परत आल्या तर?"

"लेकीकडे गेलेली बाई परत कशाला येते?"

लेक कॉलेजातून आली, दोघींनी मिळून काच उचलली, आणि दुसऱ्या दिवशी गिरणीवाल्याचा टीव्ही उजळला. तो न्यायला आला तेव्हा त्याच्या भुवयांवर पीठ होतं. त्याने नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली, शर्टावर पांढरा पंजा उमटला.

"मानलं तुला! शहरात सगळे नको म्हणत होते. तुझ्या हातात जादू आहे, मेकॅनिक."

नवऱ्याने हात काउंटरखालून काढले नाहीत. "सवय झाली आता," तो म्हणाला.

पडद्यामागे लेकीने आईकडे पाहिलं. आईने कथलाचे कण कापडाने टिपायला घेतले.

*

शिंपीणबाई त्याच आठवड्यात परत आल्या. पिशवी अजून खांद्याला होती. घरी जायच्या आधी दुकानात आल्या होत्या.

"आले बाबा माझ्या घरी," त्या म्हणाल्या. "लेक चांगली आहे, जावई चांगला आहे, पण रिमोट जावयाच्या हातात. मी आपली भिंतीकडे तोंड करून काजं करत बसायची. माझा टीव्ही झाला असेल ना? आता तोच मला सोबत."

पडद्यामागे तिचा हात थांबला.

"झालाय, मावशी," नवरा म्हणाला. "जरा पुसून-बिसून देतो. उद्या संध्याकाळी न्या."

शिंपीणबाई गेल्यावर तो आत आला आणि पलंगाच्या कडेला, जिथे टीव्ही नव्हता तेवढ्या जागेत बसला.

"गिरणीतून आणतो. म्हणतो, एकदा तपासायला हवा, दाब वरखाली होतोय. त्यातल्या काढ, ह्यात घाल."

"आणि गिरणीवाल्याला?"

"त्याला दुसऱ्या कुठल्या तरी बघू."

"कुठल्या? त्या मापाचे दोनच टीव्ही आहेत, मावशींचा आणि त्याचा. तुम्ही पार्टवाल्याचं ऐकलंत."

"मग काय सांगू मी लोकांना?" त्याचा आवाज दबका होता, कारण दार उघडं होतं. "की नाही जमत?"

"हो."

"एकाला नाही म्हटलं की दुसरा विचारणार, का नाही जमत. मग तिसरा म्हणणार, दाखव बघू हात. तुला काय, तू आत असतेस."

ती हसली असती, पण हसू आलं नाही. बोटं एकमेकांत अडकवून ती टेबलाशी उभी राहिली. अक्काबद्दल बोलायचं असेल तर हीच वेळ होती. तिने तोंड उघडलंही.

"अक्का म्हणत होती..."

"बघू ते," तो म्हणाला. "आधी हे निस्तरू."

याआधीही असंच झालं होतं. बंद घरात त्याच्यापुढे ठेवलेली कुठलीही गोष्ट अशीच पलंगाखाली सरकायची, टीव्हीसारखी.

*

दुसऱ्या दिवशी टीव्ही आणायला दोघं गिरणीत गेली. गिरणीच्या पट्ट्याचा फटफट आवाज आणि वर तरंगणारं पीठ. पाच मिनिटांत केस पिकल्यासारखे झाले. मागच्या खोलीत गिरणीवाल्याची आई कुशीवर पडून टीव्ही बघत होती. बिनदातांच्या तोंडाने ती कसल्याशा बातम्यांवर खूश होऊन हसत होती.

"चालू आहे की चांगला," गिरणीवाला म्हणाला. "चालू टीव्ही दुरुस्तीला नेतात, हे आजच बघतोय. वहिनींना कशाला आणलंस? ओझं उचलायला?"

"हातभार," नवरा म्हणाला.

तिने टीव्ही भिंतीवरून उतरवला. वजन तिच्याच अंगावर आलं; नवऱ्याने खालून नुसता हात लावला होता. म्हातारी मोकळ्या भिंतीकडे बघत राहिली. मग हळूच विचारलं, "नेलास का ग?"

"उद्या आणते, आजी," ती म्हणाली, आणि गिरणीच्या पायऱ्या उतरताना तिला जाणवलं की आता आपणही तेच बोलायला लागलो.

लेक कॉलेजातून यायला वेळ होता. शिंपीणबाई संध्याकाळी येणार होत्या. तिने मागचं झाकण काढलं, बोर्ड मोकळे केले, टीव्ही उलथा करून कडा सोडवल्या. आता काच राहिली.

"ती येईपर्यंत थांबू," ती म्हणाली.

"तिच्यासाठी थांबलो तर पुढचं जोडकाम कधी करणार तू? मी धरतो एक बाजू."

"नको."

"काच उचलायची आहे. सुई ओवायची नाही."

त्याने पलीकडच्या कडेखाली बोटं घातली. तिला नको म्हणायचं होतं, पण त्याच्या चेहऱ्यावर काही तरी जुनं आलं होतं, लोक बघायला उभे राहायचे त्या दिवसांतलं. तिने आपली बाजू धरली. श्वास सोडला. काच वर आली. तिच्या बाजूने स्थिर आणि त्याच्या बाजूने थरथरत, आणि तो थरथराट काचेतून तिच्या बोटांत आला, कुणी पलीकडून दार ठोठावावं तसा.

"खाली घ्या," ती म्हणाली. "हळू खाली."

नखाने बशीवर टिचकी मारावी एवढाच आवाज झाला. त्याच्या अंगठ्याखालच्या कोपऱ्यातून एक रेघ निघाली, थांबली, आणि मग त्यांच्या डोळ्यांदेखत पार पलीकडे गेली.

दोघांनी काच गादीवर ठेवली. तो तसाच वाकून उभा राहिला. मग खाली बसला आणि हात काखेत घालून पुढे-मागे डुलत राहिला. त्याच्या मानेवर पीठ होतं, त्यातून घामाच्या रेषा गेल्या होत्या. तिला त्याची माया आली आणि त्याच क्षणी त्याचा इतका संताप आला की तिने तोंड भिंतीकडे वळवलं. भिंतीपाशीही टीव्हीच होता. त्यात ती होती.

"निदान पट्ट्या वाचल्या," तो म्हणाला. "मावशींचा करून टाक."

तिने केला. लेक आली, काच पाहिली, बापाकडे पाहिलं आणि काही न विचारता हात धुऊन आईसमोर उभी राहिली. दोघींनी शिंपीणबाईंच्या टीव्हीची काच उचलली. उसन्या पट्ट्या आपल्या घरी गेल्या. ऊन कलायच्या आत काउंटरवर टीव्ही लावून ठेवला.

*

शिंपीणबाई आल्या. टीव्हीवर कसला तरी बागेचा कार्यक्रम लागला होता, त्या खुर्ची ओढून बघतच बसल्या. "रंग बघा कसा आलाय! आधी एवढा नव्हता."

तेवढ्यात गिरणीवालाही आला. दारातूनच म्हणाला, "झालं का तपासून? आईने नुसता उच्छाद मांडलाय." मग काउंटरकडे पाहिलं. "हा कुणाचा?"

"माझा," शिंपीणबाई म्हणाल्या.

"मग माझा कुठंय?"

"एक पार्ट मागवलाय," नवरा म्हणाला. "आठवडाभरात येईल."

"कसला पार्ट? चालू टीव्ही दिला होता मी."

"आतला आहे एक."

"आतला म्हणजे बाहेरचा नाही, एवढं मलाही कळतं."

नवरा खोकला. "अगं, चहा टाक!"

आत लेकीने आईकडे पाहिलं. कप समोर होता, चमचा त्यात होता. दोनदा वाजवलं तर बाहेर आठवडा सांगितला जाईल. आठवड्यानंतर दुसरा. गिरणीवाल्याचा टीव्ही पलंगामागे जाईल, तिथे शिंपीणबाईंच्या टीव्हीची जागा नुकतीच रिकामी झाली होती. त्याच्यातले चांगले बोर्ड सलूनवाल्याकडे जातील. सोमवारी अक्का मोढा पायाने पुढे सरकवील, दुसऱ्या कुणासाठी.

"धर," ती लेकीला म्हणाली.

दोघींनी फुटकी काच उचलली. डोक्याने पडदा बाजूला सारून ती उलट्या पावलांनी दुकानात आली, मागोमाग लेक. काच काउंटरवर, चालू टीव्हीच्या शेजारी ठेवली. बागेतली फुलं त्या भेगेत वाकडी होऊन दिसायला लागली.

"ही तुमची," ती गिरणीवाल्याला म्हणाली. "आज आमच्या हातून फुटली. अशी काच बदलून मिळत नाही. तुमचा टीव्ही आता चालणार नाही. पार्ट-बिर्ट काही मागवलेला नाही."

"काय बोलतेस?" नवरा म्हणाला.

"आणि मावशी, तुमच्या पट्ट्या मी काढून यांच्या टीव्हीत घातल्या होत्या. तुम्हाला न विचारता. त्या परत घ्यायला यांचा टीव्ही उघडला, म्हणून काच फुटली."

गिरणीवाल्याला ते सगळं जुळवायला थोडा वेळ लागला. मग त्याचा चेहरा पिठाखालून लाल झाला. "म्हणजे माझी आई जो बघत होती तो यांचा उजेड होता? आणि तो काढायला माझा फोडलात? अरे मेकॅनिक, तुला काही लाज?"

शिंपीणबाईंनी रिमोट उचलून टीव्ही बंद केला. त्या काचेकडे बघत नव्हत्या. तिच्या हातांकडे बघत होत्या.

"मी घातल्या, मी काढल्या, असं म्हणतेस," त्या म्हणाल्या. "आतलं सगळं तूच करतेस का ग?"

हे तिने बोलायचं नव्हतं. हे त्याचं होतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि वाट पाहिली. त्याचे हात काउंटरखाली होते. काउंटरची फळी बारीक वाजत होती.

"मदत करते," तो म्हणाला. "थोडीफार."

लेकीने "बाबा" एवढंच म्हटलं.

"थोडीफार मदत!" गिरणीवाला म्हणाला. "मग थोडीफार तू कर आता. माझ्या आईला काय सांगू ते सांग. मेकॅनिक तू, उत्तर तू दे."

"बघतो ना," नवरा म्हणाला. "काही तरी करू. आम्ही बघतो दोघं मिळून. तुम्ही जा, मी तिला सांगतो, ती..."

तो थांबला. बायको काउंटरच्या त्या बाजूला गेली होती. पडद्याच्या बाजूला नाही. गिऱ्हाइकं उभी राहतात त्या बाजूला, शिंपीणबाईंच्या शेजारी. तिथून दुकान कसं दिसतं, हे तिला आत्ताच कळत होतं. घरात त्याच्यासमोर ती हे बोलली असती तर ते तिथेच राहिलं असतं. इथे ऐकायला माणसं होती. तिने श्वास सोडला.

"आजींना मी उद्या येऊन सांगेन," ती गिरणीवाल्याला म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "आणि सोमवारपासून मी अक्काकडे कामाला जाणार आहे. रोज."